गावातल्या घरात अल्बम करताना: वारंवार विचारले जाणारे प्रश्न

गुहागर तालुक्यातल्या आमच्या वाडीत, आमच्याच माजघरात, आम्ही आठ गाण्यांचा अल्बम केला. जाखडीची (कोकणातल्या शक्ती-तुऱ्याच्या नाचगाण्याची) चार गाणी, नमनातला (कोकणातल्या लोकनाट्यातला) एक गण (सुरुवातीचं गणपतीचं गाणं), एका जुन्या कवितेला लावलेली चाल आणि दोन नवी गाणी. काम दोन हिवाळे चाललं. तो निघाल्यापासून रत्नागिरी, सिंधुदुर्ग, रायगडातून आणि मुंबईतल्या चाकरमान्यांकडून फोन येतात, आणि प्रश्न बहुतेक तेच असतात. म्हणून उत्तरं एका जागी लिहिली. माइक आणि सॉफ्टवेअरबद्दल लोक जास्त विचारतात. आम्हाला जास्त त्रास झाला तो नावांचा आणि हिश्शांचा, त्यामुळे त्यावर इथे जास्त लिहिलंय.

मुंबईला न जाता अल्बम खरंच होतो का?

होतो. ढोलकी, झांज, पेटी, एक मुख्य गळा आणि मागे झील धरणारे, म्हणजे ओळ उचलून पुन्हा म्हणणारे, चौघे, एवढ्यावर उभं राहणारं आपलं संगीत घरी चांगलं रेकॉर्ड होतं. तासावर पैसे मोजायचे म्हटले की आमच्या शाहिरांचा गळा आवळतो. घरी रात्री जेवून, ओटीवर गप्पा मारून, दहानंतर ते ज्या तब्येतीत गायले, तसं घड्याळाकडे बघत झालं नसतं. बाहेरची मदत शेवटी घ्यावी, त्याबद्दल पुढे लिहिलंय.

रेकॉर्डिंग कोणत्या महिन्यात धरावं?

दिवाळी झाल्यापासून माघापर्यंत. हे आम्ही चुकून शिकलो. जून ते सप्टेंबर कौलांवर पाऊस वाजतो, पत्र्यावर तर बोललेलंही ऐकू येत नाही. पाऊस थांबला तरी पागोळ्या टपकत राहतात आणि रात्री बेडूक सुरू होतात. ऑक्टोबरात भातकापणी आणि झोडणी, माणूस मिळत नाही. फाल्गुनात शिमगा, पालखी घरोघरी फिरते आणि सगळे खेळे (नमन करणारी मंडळी) गावोगाव बाहेर असतात. एप्रिल-मे आंबा, काजू, लग्नं. उरतात डिसेंबर आणि जानेवारी. हवा कोरडी असते, रात्री शांत असतात, गळाही बरा लागतो. आंबेवाले वादक मात्र तेव्हाही फवारणीत अडकलेले असतात, त्यांच्या तारखा आधी घ्या.

कोळीवाड्यातल्या गायकांचं गणित उलटं आहे. यांत्रिक मासेमारी १ जून ते ३१ जुलै बंद असते, म्हणजे ते मोकळे होतात नेमके पावसात. त्यांच्यासाठी स्लॅबची खोली शोधावी. शाळेचा वर्ग सुट्टीत मिळतो. फक्त त्यांचे गळे तेव्हा घ्यावेत, वाद्यं हिवाळ्यात.

घर समुद्राजवळ आहे. गाज येते, काय करू?

गाजेत सगळ्याच उंचीचे स्वर मिसळलेले असतात, त्यामुळे फिल्टर लावून ती पूर्ण जात नाही. ८० हर्ट्झच्या खालचं कापलं की घरघर कमी होते, सळसळ राहते. खरा उपाय वेळ निवडणं. ओहोटीला लाटा लांब फुटतात आणि घरात येणारा आवाज बराच उतरतो. आमच्याकडे जुनी माणसं तिथीची पाऊणपट करून भरतीची वेळ काढतात: चतुर्थीला साधारण तीन वाजता, अष्टमीला सहा. तिथून सहा तासांनी ओहोटी. दुसऱ्या दिवशी पाऊण तास पुढे. आम्ही सगळ्या बैठकी याच हिशेबाने लावल्या आणि भरतीच्या वेळी जेवणं उरकली.

खोली म्हणाल तर माजघर. चारी बाजूंनी पडवी, ओटी आणि खोल्या असल्यामुळे बाहेरचा आवाज आत येईपर्यंत बराच कमी होतो. गिलावा न केलेला जांभा खडबडीत असतो, त्यावरून आवाज परतताना विस्कटतो. लादी घातलेल्या, रंग दिलेल्या नव्या हॉलपेक्षा जुनं सारवलेलं घर कधीही बरं. गायकाच्या मागे दांडीवर दोन-तीन जाड गोधड्या टाका, कोपऱ्यात भाताच्या गोणी रचा. एवढ्याने पुरतं.

सामान काय लागतं?

दोन माइक जोडता येतील असा ऑडिओ इंटरफेस (माइक लॅपटॉपला जोडणारा डबा), एक डायनॅमिक माइक, एक कंडेन्सर (हा बारीक आवाजही पकडतो), कान पूर्ण झाकणारा हेडफोन आणि लॅपटॉप. खोली घुमत असेल तर गळ्यासाठीही डायनॅमिकच वापरा. शुअरचा एसएम ५८ गावातल्या साउंडवाल्याकडे बहुधा असतोच. कंडेन्सरला ४८ व्होल्टची फँटम पॉवर लागते, ती इंटरफेसमधूनच मिळते. फायली २४ बिटच्या वेव्ह ठेवा, आणि सगळ्यात मोठा आवाज उणे दहा डेसिबलच्या वर जाऊ देऊ नका. काम झालं की सगळं हवाबंद डब्यात, सिलिका जेलच्या पुड्यांसकट. खाऱ्या हवेत जॅकच्या टोकांना एका पावसाळ्यात गंज धरतो आणि मग खरखर कुठून येते ते सापडत नाही.

मध्येच लाइट गेली तर?

बॅटरीवरच रेकॉर्ड करा, लाइट असली तरी. जुन्या घरांत अर्थिंग धड नसतं आणि चार्जर लावला की गुणगुण घुसते. चार्जर काढला की ती जाते. यूएसबीवर चालणारा इंटरफेस घेतला तर दोन-तीन तास निवांत निघतात. फ्रिज, पंखा, पाण्याचा पंप बंद. फ्रिज परत चालू करायची आठवण राहावी म्हणून माझी आई लॅपटॉपच्या पिशवीत फ्रिजशेजारची खुंटीवरची किल्ली ठेवायची.

फायलींची एक प्रत दुसऱ्या गावात ठेवा. जून २०२० मध्ये निसर्ग वादळाने दापोली-मंडणगडकडे कौलं उडाली आणि कित्येक वाड्या आठवडेच्या आठवडे अंधारात होत्या. घरातल्या दोन हार्डडिस्क म्हणजे एकच प्रत समजा.

ढोलकी आणि पेटी जुळत नाहीत. कुणाला कुणाशी जुळवायचं?

आधी पेटी तपासा. घरोघरीच्या पेट्या ४४० हर्ट्झला, म्हणजे आजच्या सर्वमान्य सुराला, असतीलच असं नाही. आमची चांगली पंधरा-वीस सेंट चढी निघाली (शेजारच्या दोन पट्ट्यांमधलं अंतर शंभर सेंट). मोबाइलवरच्या ट्यूनरने एकेक पट्टी बघा आणि तेव्हाच ठरवा. नंतर बासरी किंवा कीबोर्ड घालायचा असेल तर पेटी कारागिराकडून ४४० ला आणून घ्या. नाही तर कीबोर्ड पेटीला जुळवा, त्यात बारीक सूर हलवायची सोय असते. बासरीला ती नसते आणि बासरीवाल्याला चिपळूणहून बोलावल्यावर हे कळलं तर दिवस फुकट जातो.

ढोलकी दमट हवेत उतरते. रेकॉर्डिंगच्या तासभर आधी ती खोलीत आणून ठेवा, दोन गाण्यांच्या मध्ये पुन्हा सूर बघा. आम्ही एका रात्री सहा वेळा गाणं घेतलं आणि सकाळी ऐकल्यावर कळलं की पहिल्या आणि सहाव्या वेळची ढोलकी जोडताच येत नाही.

आणखी एक. आरामात गाता यावं म्हणून शाहिरांची पट्टी खाली आणू नका. मांडवात, माइक नसताना, शेवटच्या माणसापर्यंत पोचायला घडलेला तो गळा आहे. पट्टी उतरवली की सूर नीट लागतो आणि जाखडी निघून जाते.

क्लिकवर (हेडफोनमधल्या ठरावीक टिकटिकीवर) वाजवायला मंडळी तयार नाहीत.

मग क्लिक लावू नका. जाखडीची लय चढत जाते, नाचणाऱ्यांच्या पायांबरोबर. ती बांधली तर गाणं मरतं. ढोलकी, झांज आणि गळा एकत्र घ्या, नंतर सॉफ्टवेअरमध्ये प्रत्येक आवर्तनाला खूण करा आणि बाकीची वाद्यं त्या खुणांवर बसवा. काम वाढतं. आमच्या एका गाण्याला चार दिवस लागले आणि ते चार दिवस मला पुन्हा द्यायला आवडतील.

गाणं पारंपरिकच आहे. परवानगी कुणाची घ्यायची?

इथे थांबून नीट वाचा, कारण आमची सगळ्यात मोठी चूक इथे झाली.

आमच्या चार जाखड्यांपैकी एक आम्ही लहानपणापासून ऐकत आलो होतो. कुणाची, ते कुणी कधी विचारलं नव्हतं. गाणं सव्वाआठ मिनिटांचं होत होतं म्हणून शेवटचं कडवं कापलं आणि गीतकाराच्या जागी 'पारंपरिक' लिहिलं. अल्बम यायला दहा दिवस असताना पलीकडच्या वाडीतले एक काका घरी आले. ओटीवर बसले, पाणी घेतलं आणि म्हणाले, "शेवटचं कडवं म्हणून दाखव बघू." मी म्हटलं. त्या कडव्यात त्यांच्या वडिलांचं नाव होतं. शक्ती-तुऱ्याच्या गाण्यात शेवटी शाहीर आपलं किंवा गुरूचं नाव गुंफतो, हे आम्हा सगळ्यांना माहीत होतं. तरीही लांबी कमी करताना आम्ही नेमकी सही कापून टाकली होती. काका भांडले नाहीत. "नाव तेवढं राहू दे" एवढंच म्हणाले. आम्ही प्रकाशन पुढे ढकललं, कडवं पुन्हा रेकॉर्ड केलं, गीतकार म्हणून काकांच्या वडिलांचं नाव घातलं आणि त्यांच्या घरच्यांशी हिश्शाचा कागद केला.

कायद्याने बघायचं तर १९५७ च्या कॉपीराइट कायद्यानुसार शब्द आणि चाल यांवरचा हक्क कर्त्याच्या हयातीत आणि मृत्यूनंतर ६० वर्षं राहतो. आपली बरीच 'पारंपरिक' गाणी पन्नास-साठ वर्षांपूर्वीच्या माणसांनी बांधलेली आहेत आणि त्यांची मुलं-नातवंडं शेजारच्या वाडीत राहतात. नमनातला गण, धालो (बायकांचं नाचगाणं), फुगडीची गाणी यांचा कर्ता खरोखरच सापडत नाही असं होतं. तेव्हाही 'पारंपरिक' लिहून त्यापुढे कोणत्या वाडीकडून, कोणत्या आजीकडून घेतलं ते लिहा. कायदा ते मागत नाही. पण गाणं तिने सांभाळलंय.

म्हणून शोध घ्या: शेवटचं कडवं ऐका, गावातल्या तीन वेगवेगळ्या म्हाताऱ्या माणसांना विचारा, मंडळाची जुनी वही असेल तर ती बघा.

आमचे बुवा भजन सिनेमाच्या चालीवर म्हणतात. अल्बममध्ये घेता येईल?

संगीतकाराच्या किंवा चालीचा हक्क ज्यांच्याकडे आहे त्यांच्या लेखी परवानगीशिवाय घेऊ नका. डबलबारीत (दोन बुवांच्या भजनाच्या सामन्यात) सिनेमाच्या चालीवर अभंग रंगतो, लोक डोक्यावर घेतात. पण अभंग तुकारामांचा असला तरी चाल संगीतकाराची. संगीतकार २०११ साली वारले असतील तर चालीचा हक्क २०७१ च्या अखेरपर्यंत चालतो. कव्हर गाण्यासाठी (आधी निघालेलं गाणं नव्याने गाऊन काढण्यासाठी) कायद्यात वेगळी तरतूद आहे, पण मूळ ध्वनिमुद्रण होऊन पाच वर्षं उलटावी लागतात आणि दरवर्षी किमान ५०,००० प्रतींची रॉयल्टी भरावी लागते. ते आपल्या खिशाबाहेरचं आहे. बुवांना सांगा, स्वतःची चाल बांधा. ज्याला चाळीस वर्षं दुसऱ्याच्या चालीत अभंग बसवता आला, त्याला स्वतःची चाल सुचते. आमच्या ओळखीच्या एका बुवांना ती आठ दिवसांत सुचली.

कवितेला चाल लावली आहे. ती चालेल का?

कवी कधी गेले ते बघा. मालगुंडचे केशवसुत १९०५ साली गेले, त्यांची कविता कुणीही गावी. आरती प्रभू १९७६ साली गेले, म्हणजे २०३६ च्या अखेरपर्यंत वारसांची किंवा हक्क ज्यांच्याकडे आहेत त्यांची लेखी परवानगी हवी. पुस्तकाचा प्रकाशक आणि हक्कधारक एकच असतील असं धरून चालू नका. पत्र पाठवताना गाण्याचं कच्चं रेकॉर्डिंगही पाठवा. ऐकल्यावर माणसं मोकळेपणाने बोलतात.

सगळी मंडळी घरचीच आहेत. कागद कशाला?

घरचीच आहेत म्हणूनच. परका माणूस व्यवहार विसरतो, भावकीत तो पिढ्यान्‌पिढ्या राहतो. पहिल्या बैठकीच्या आधी एका पानावर लिहा: शब्द कुणाचे, चाल कुणाची, गायलं कुणी, वाजवलं कुणी, खर्च कुणी घातला, आलेल्या पैशातून खर्च आधी वळता करायचा की नाही, आणि उरलेलं कसं वाटायचं. सगळ्यांच्या सह्या. झील धरणाऱ्यांना एकरकमी मानधन द्यायचं ठरलं तर तेही लिहा.

कायद्यातल्या तीन गोष्टी माहीत असाव्यात. हक्क दुसऱ्याला देणं लेखी आणि सही करूनच होतं. कागदात मुदत लिहिली नसेल तर ती पाच वर्षं धरली जाते, आणि प्रदेश लिहिला नसेल तर तो भारतापुरता. आणि २०१२ च्या दुरुस्तीनंतर गीतकार-संगीतकाराचा रॉयल्टीतला वाटा वारस किंवा कॉपीराइट संस्था सोडून दुसऱ्या कुणाला लिहून देता येत नाही. कुणी 'सगळे हक्क कायमचे' असा कागद पुढे केला तर सही करण्याआधी तालुक्याच्या वकिलाला दाखवा.

ऑनलाइन वितरकाकडचं (गाणी स्पॉटिफायसारख्या अ‍ॅपवर पोचवणाऱ्या कंपनीकडचं) खातंही स्वतःच्या नावावर, स्वतःच्या ईमेलवर काढा. आमचं खातं पहिल्यांदा मदत करणाऱ्या एका ओळखीच्या माणसाच्या नावावर निघालं. त्याचा हेतू चांगला होता. तो नोकरीसाठी परदेशी गेला, फोन लागेना, आणि सात महिने आमच्याच गाण्याचं नाव आम्हाला दुरुस्त करता येत नव्हतं.

कॉपीराइटची नोंदणी करावीच लागते का?

नाही. गाणं निर्माण झालं की हक्क तयार होतो. नोंदणी पुराव्याला उपयोगी पडते. अर्ज ऑनलाइन होतो; संगीतरचनेला ५०० रुपये आणि ध्वनिमुद्रणाला २,००० रुपये शुल्क आहे. पैसे कमी असतील तर नव्या गाण्यांची तेवढी करा.

मिक्सिंग-मास्टरिंग बाहेर द्यावं का?

मिक्सिंग (सगळे आवाज एकमेकांत बसवणं) स्वतः करून बघा, मास्टरिंग (तयार गाण्यावरचा शेवटचा हात) दुसऱ्या कानाला द्या. तीनशे वेळा ऐकलेलं गाणं आपल्याला नीट ऐकू येत नाही. इंजिनियरला पाठवताना सोबत मांडवात मोबाइलवर घेतलेला एक व्हिडिओ पाठवा, म्हणजे झांज किती पुढे हवी ते त्याला कळेल. आमच्या पहिल्या मास्टरमध्ये झांज कानाला टोचते म्हणून दाबून टाकली होती आणि जाखडी भावगीतासारखी ऐकू येत होती. स्पॉटिफाय सगळी गाणी साधारण उणे १४ लफ्सच्या (लफ्स हे आवाजाच्या जोराचं माप) पातळीवर आणून वाजवतो, त्यामुळे आवाज ठासून भरण्यात काही मिळत नाही. शेवटची चाचणी एसटी स्टँडबाहेरच्या रिक्षात आणि साध्या मोबाइलच्या स्पीकरवर घ्या.

गाणी स्पॉटिफाय, जिओसावनवर कशी जातात?

वितरकामार्फत. काही वर्षाला पैसे घेतात आणि पैसे थांबले की गाणी उतरवू शकतात. काही एकदाच घेतात आणि मिळकतीत वाटा ठेवतात. वर्षाला दोन-चार गाणी काढणार असाल तर पहिला प्रकार, एकच अल्बम काढून थांबणार असाल तर दुसरा. प्रत्येक ध्वनिमुद्रणाला बारा अक्षर-अंकांचा आयएसआरसी क्रमांक लागतो, वितरक तो देतो. तो वहीत लिहून ठेवा, कारण पुढे वितरक बदलला तरी क्रमांक तोच वापरायचा असतो. मुखपृष्ठ चौरस, ३,००० बाय ३,००० पिक्सेल.

नावाचं रोमन स्पेलिंग एकदा ठरवा आणि शेवटपर्यंत तेच ठेवा. आमच्या ढोलकीवाल्याचं नाव तीन गाण्यांत तीन तऱ्हांनी गेलं आणि तीन वेगळे कलाकार तयार झाले. भाषेच्या यादीत मालवणी सापडली नाही तर मराठी निवडा आणि वर्णनात बोलीचं नाव लिहा.

अ‍ॅपच्या भरवशावर राहू नका. विंक म्युझिक २०२४ मध्ये बंद झालं. मूळ फायली घरी हव्यात.

पैसे किती मिळतात?

ऐकण्यातून फार थोडे. स्पॉटिफायवर तीस सेकंद ऐकलं तर एक वेळ मोजली जाते, आणि २०२४ पासून मागच्या बारा महिन्यांत एखादं गाणं किमान १,००० वेळा ऐकलं गेलं नसेल तर त्या गाण्याचे पैसेच निघत नाहीत. म्हणून कर्ज काढून अल्बम करू नका. आमचा खर्च भरून आला तो अल्बम ऐकून मिळालेल्या सुपाऱ्यांमधून.

वितरक देतो ते ध्वनिमुद्रणाचे पैसे. शब्द आणि चालीचा वाटा वेगळा, त्यासाठी गीतकार-संगीतकाराने आयपीआरएस या कॉपीराइट संस्थेचं सदस्य व्हावं. ही संस्था १९६९ पासूनची आहे. सदस्य होऊन गाणी नोंदवली नाहीत तर तो वाटा आपल्यापर्यंत येत नाही. शाहिरांचे वारसही सदस्य होऊ शकतात. आमच्या काकांचा अर्ज आम्हीच भरून दिला. अमेरिकेतला वितरक असेल तर तो कराचा एक फॉर्म मागतो. पॅन देऊन तो नीट भरा, कारण न भरल्यास तिकडच्या मिळकतीवर जास्त कर कापला जातो.

प्रकाशन कधी करावं?

जाखडी आणि भजन असेल तर गणपतीच्या तीन आठवडे आधी, म्हणजे चाकरमान्यांनी गाडीत बसताना ते फोनवर घेतलेलं असेल. नमन असेल तर माघात. फायली वितरकाकडे किमान चार आठवडे आधी द्या. स्पॉटिफायच्या संपादकांना गाणं सुचवायचं तर प्रकाशनाच्या सात दिवस आधी तरी सुचवावं लागतं.

सीडी काढावी का?

नाही. सीडी वाजवायला घरात काही उरलेलं नाही. पेनड्राइव्ह काढा. गाड्यांत, टेम्पोंत, मच्छीमारांच्या होड्यांवर अजून तोच चालतो. सोबत शब्दांची छोटी पुस्तिका छापा, मोठ्या अक्षरात. आमच्याकडे पेनड्राइव्हपेक्षा पुस्तिका आधी संपली.

यूट्यूबवर आमच्याच गाण्यावर दुसऱ्याचा दावा आला. आता?

घाबरू नका. बहुतेक वेळा कारण दोनपैकी एक असतं: तुमच्याच वितरकाने तुमच्या वतीने यूट्यूबच्या दाव्यांच्या नोंदणीत (कंटेंट आयडी) गाणं नोंदवलेलं असतं, किंवा तुम्ही वापरलेला तयार लूप (आधीच वाजवून ठेवलेला वाद्यांचा तुकडा) दुसऱ्याने स्वतःचा म्हणून नोंदवलेला असतो. पहिल्यात वितरकाला चॅनेलचा पत्ता कळवला की दावा निघतो. दुसऱ्यात हरकत नोंदवा. समोरच्याला उत्तर द्यायला ३० दिवस असतात. मूळ रेकॉर्डिंगच्या सुट्या फायली आणि सह्यांचा कागद जवळ असला की हरकत भक्कम राहते. तयार लूप असलेलं गाणं स्वतः मात्र कंटेंट आयडीच्या नोंदणीत टाकू नका.

प्रकाशनाचा कार्यक्रम कुठे करावा?

जिथे गाणं रेकॉर्ड केलं तिथे. आम्ही आमच्या खळ्यात केला. झील धरणाऱ्यांना पुढे बसवलं आणि प्रत्येकाचं नाव मोठ्याने वाचलं. सव्वाआठ मिनिटांची ती जाखडी पूर्ण लावली. शेवटचं कडवं आलं तेव्हा काकांनी टोपी काढून हातात धरली होती.